ल्हासा अप्सो आणण्याआधी

ताई, ल्हासा अप्सो या छोट्या, केसाळ कुत्र्याला मांडीवरचं खेळणं समजू नका. तिबेटमधल्या मठांत बाहेर दांडगा मास्टिफ जातीचा कुत्रा आणि आत कान टवकारून बसलेला हा, अशी राखण चालायची. म्हणून बेल वाजली की तो भुंकणारच. रागावू नका, पिल्लू लहान असतानाच पाहुण्यांची सवय लावा. वजन जेमतेम 6-7 किलो, पण स्वभाव मोठा मानी. मुलांनी ओढाताण केलेली खपत नाही. केस रोज विंचरा, अगदी मुळापर्यंत. कानामागे, काखेत बोटं घालून बघा, गुंता तिथेच होतो. आमच्या अप्सोच्या काखेतली गाठ आठवडाभर माझ्या लक्षात आली नाही; कापली तर खाली कातडी लालबुंद! अजून वाईट वाटतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात केस आखूड ठेवा आणि फिरायला पहाटेच न्या.