अंगावर चरबी नसताना एलडीएल १७८ कसं? तूप-अंडी सोडली तर गोळीशिवाय उतरेल का?

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. वय ३२, वजन ५८ किलो, एलडीएल (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) १७८, आणि पुढे लिहिलंय, 'बायकोला तूप आणि अंडी बंद करायला सांगितली आहेत.' बायकोला! रक्त तुमचं आणि आरोपी ती?

आमच्या घरी अगदी हेच झालं, म्हणून लिहितेय. हे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. अंगानं काडीपैलवान. पेढीवर सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात ह्यांचं एलडीएल २१४ निघालं. त्या रात्री मोठे भाऊजी जेवायला होते. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातातल्या तुपाच्या वाटीकडे बोट करून म्हणाले, "आधी हे बंद कर. लग्नाआधी ह्याला असलं काही नव्हतं." लग्नाआधी ह्यांचं रक्त तपासलं होतं कुणी? पण मोठ्या दिरांना असं विचारायची सोय नाही.

मग सुरू झाला कारभार. तूप गेलं, अंडी गेली, शेंगदाण्याची चटणीसुद्धा गेली. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल औषधालाही नसतं. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या खाण्यात असतं, त्यामुळे तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं असतं त्याला काडीचा अर्थ नाही. पण सांगायचं कुणाला? वर भाऊजींनी दुधीच्या रसाचं फर्मान काढलं. पहाटे उठा, दुधी किसा, तुळस-पुदिना घालून मिक्सरला फिरवा, फडक्यातून पिळा. एकदा दुधी कडू निघाला. पहिल्याच घोटाला ह्यांचं तोंड वाकडं झालं, तरी हे निमूट पीत होते. मी पेला हिसकावून मोरीत ओतला. कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत, त्यामुळे रस घ्यायचाच असेल तर आधी चाखून बघा आणि कडू लागला तर थुंकून टाका. आमच्याकडे मात्र दोन दिवस चर्चा कशाची, तर मी एवढा रस वाया घालवल्याची.

आणि तिकडे पेढीवर? प्रत्येक चहाबरोबर खारी. ती कुणाला दिसत नव्हती, कारण ती मी करत नव्हते. खारीचे पापुद्रे सुटतात ते वनस्पती तूप किंवा मार्गारिनच्या जोरावर. २०२२ पासून कायद्यानं त्यातलं ट्रान्स फॅट (सगळ्यात घातक चरबी) २ टक्क्यांच्या आत आणलं हे खरं, पण त्यातल्या पामतेलातलं सॅच्युरेटेड फॅट (एलडीएल चढवणारी चरबी) आहे तिथंच आहे.

पुन्हा तपासलं तर १९६. सगळं सोडून एवढंच. मग मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुपाचं नावच काढलं नाही. विचारलं, "वडील कशानं गेले? वय काय होतं?" सासरे ४७ व्या वर्षी झोपेत गेले. घरात सगळे म्हणतात, मुलीच्या लग्नाच्या काळजीनं गेले. डॉक्टरांनी ह्यांना चप्पल काढून पाठमोरं उभं केलं आणि टाचेच्या वरची, पोटरीला टाचेशी जोडणारी शीर चिमटीत धरून मला हात लावून बघायला सांगितलं. एरवी ती दोरीसारखी ताठ लागते, ह्यांची जाड आणि गाठाळ होती, आत कोलेस्टेरॉल साठलेलं. "घरात कुणाच्या पापण्यांवर पिवळसर चकते आहेत का?" मला एकदम नणंदबाई आठवल्या. कधीपासून क्रीम लावतायत बिचाऱ्या त्याच्यावर.

म्हणजे प्रकरण आनुवंशिक निघालं. आपल्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायचं कामही मुख्यतः यकृतच करतं, त्याच्या पेशींवरच्या रिसेप्टरांच्या, म्हणजे एलडीएल पकडणाऱ्या हातांच्या मदतीनं. या रिसेप्टरांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मापासूनच कमी किंवा बिघडलेले असतात. अशा माणसानं नुसती भाकरी खाल्ली तरी आकडा चढाच राहतो. वजनाचा इथं संबंधच नाही.

आता तुमचं. तुम्ही वजन लिहिलंत, वय लिहिलंत, वडिलांचं काहीच लिहिलं नाहीत. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झालाय का, हे आधी विचारा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या, थायरॉइड मंद असलं तरी एलडीएल चढतं. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण मुख्यतः आनुवंशिक असा रक्तातला कण) आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं.

खाण्यानं उतरतं का? उतरतं, पण साधारण १०-१५ टक्के. तुमचे १७८ फार तर १५०-१६० वर येतील. त्यासाठी अंड्यामागे लागू नका. दिवसाला एक अंडं बहुतेकांना चालतं. खरा मुद्दा सॅच्युरेटेड फॅटचा, कारण त्यानं ते रिसेप्टर कमी होतात. खारी, बटर, पामतेलातलं फरसाण, मटणाची चरबी, आणि हो, तूपसुद्धा. 'गाईचं तूप कोलेस्टेरॉल कमी करतं' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. वरणावर चमचाभर वेगळं आणि पुरणपोळी तुपात बुडवणं वेगळं. उसळी, डाळी, ओट्स, रात्री इसबगोल हे सगळं वाढवा. त्यातला विरघळणारा चोथा पित्त धरून बाहेर नेतो, आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. चालण्यानं ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) चांगलं उतरतं, एलडीएल थोडंच. सिगारेट ओढत असाल तर बाकी सगळं नंतर.

ह्यांना शेवटी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, सुरू झालं आणि आता एलडीएल १०० च्या खाली आहे. वरणावर माझं तूपही परत आलं. भाऊजी अजून म्हणतात, "गोळी घेणं म्हणजे हार मानणं." असा दोष आई-वडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. नणंदबाईंचं निघालंच. आमच्या लेकीचं तपासून घेतलं. राहिले फक्त भाऊजी. ते म्हणतात, पित्तामुळे उपाशी राहवत नाही. त्यालाही आता उत्तर आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्येच सांगितलंय की पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी राहायची गरज नाही. हे मी जाऊबाईंच्या फोनवर पाठवलंय, भाऊजींच्या नाही, म्हणजे नक्की वाचलं जाईल.

मी डॉक्टर नाही. तुमचे १७८ म्हणजे आमच्यासारखंच आहे असं मुळीच नाही, आनुवंशिकतेची दाट शंका साधारण १९० च्या वर घेतात. गोळी लागेल की नाही हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू दे. गोळीनं अंग फार दुखलं तर परस्पर बंद करू नका, त्यांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. भावंडांचंही रक्त तपासून घ्या. त्यात बहीण असेल आणि बाळाचा विचार करत असेल, तर गोळी लिहून घ्यायच्या आधीच तिनं तसं सांगावं, गरोदरपणात स्टॅटिन सहसा बंद ठेवतात.