'बेन-हर' आज बघायला बसलं तर

प्रश्न थोडक्यात असा: 1959चा 'बेन-हर' कॉलेजात जाणाऱ्या मुलीबरोबर घरी लावला, पाऊण-एक तासात ती उठून गेली, तुम्हालाही डुलकी लागली. मग 11 ऑस्करवाला हा सिनेमा आता फक्त नावाला मोठा उरलाय का, की बघणाऱ्यांचा धीर संपलाय?

मी हा सिनेमा आतापर्यंत पाचदा पाहिला आहे आणि पहिल्यांदा मलाही तो आवडला नव्हता. शाळेत असताना भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, शेजाऱ्यांच्या चौकोनी टीव्हीवर पाहिला होता. बरोबरची मंडळी शर्यत आली की उठवा म्हणून आडवी झाली होती. आवडला नाही याचं कारण मला फार उशिरा कळलं: मी निम्मा सिनेमा पाहिलाच नव्हता. हे अगदी शब्दशः सांगतोय. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीने हा सिनेमा 65 मिलिमीटरच्या निगेटिव्हवर घेतला आणि त्याची चौकट उंचीच्या पावणेतीन पट रुंद आहे. जुन्या टीव्हीचा पडदा उंचीच्या सव्वापटीहून जरासाच जास्त रुंद. कॅसेटवाले तो पडदा भरायला चित्राच्या बाजू कापायचे, म्हणजे अर्ध्याहून जास्त चित्र गायब. नायक जूडा आणि त्याचा मित्र मेसाला दालनाच्या दोन टोकांना उभे आहेत आणि मधल्या रिकाम्या जागेतच त्यांच्यातलं अंतर दिसायला हवं, तिथे मला एकाचा खांदा आणि एक खांब दिसत होता.

आताच्या टीव्हीवर हा सिनेमा पूर्ण दिसतो, पण वर-खाली मिळून पडद्याचा तिसरा हिस्सा काळा राहतो. त्या काळ्या पट्ट्या बघून पुष्कळ जण रिमोटवर झूम दाबतात. तुम्ही दाबला असेल तर पुन्हा चाळीस वर्षं मागे गेलात म्हणून समजा. मोबाइलवर तर बघूच नका.

आता कंटाळ्याबद्दल. सिनेमा 212 मिनिटांचा आहे, म्हणजे साडेतीन तासांना जरासा जास्त. त्याआधी मायकलअँजेलोच्या 'आदमची निर्मिती' या चित्रावर सहा-साडेसहा मिनिटं नुसतं संगीत वाजतं. लोक तिथेच फॉरवर्ड करतात. हे संगीत प्रेक्षक जागेवर बसेपर्यंत, कुजबुज थांबेपर्यंत वाजवायचं असायचं. घरी त्या वेळात दिवे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पुढे येशूच्या जन्माचा प्रसंग असल्यामुळे कंपनीच्या बोधचिन्हातला सिंहसुद्धा या सिनेमात डरकाळी फोडत नाही, गप्प बसतो. आपण निदान सिंहाइतकं तरी गप्प बसावं.

तुमची मुलगी उठून गेली तो भाग मला आज सगळ्यात ताजा वाटतो. जेरुसलेममधल्या श्रीमंत ज्यू घराण्यातला जूडा आणि त्याचा बालमित्र मेसाला, जो आता रोमन अधिकारी होऊन परत आलाय. दोघं कडकडून भेटतात, लहानपणीसारखे भाले फेकतात, आणि मग मेसाला हळूच विषय काढतो: तुमच्यातले बंडखोर कोण, तेवढी नावं सांग. जूडा नाही म्हणतो आणि मैत्री तिथे संपते. दिग्दर्शक विल्यम वायलर कोण होता हे माहीत असेल तर हा प्रसंग वेगळाच दिसतो. 1947मध्ये हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट हुडकायची मोहीम सुरू झाली, कलावंतांना सहकाऱ्यांची नावं द्यायला लावलं जात होतं, तेव्हा त्याविरुद्ध समिती स्थापन करणाऱ्यांत वायलर होता. अकरा वर्षांनी त्याने हा प्रसंग चित्रित केला तेव्हा त्याच्या डोक्यात ते नव्हतं, असं मला वाटत नाही. आपल्याला तर त्यासाठी हॉलिवूडपर्यंत जायची गरजही नाही. साहेबाच्या राज्यात ज्यांचे पणजोबा सरकारी चाकरीत होते, त्यांच्या घरात असल्या 'तेवढी नावं सांग'च्या गोष्टी अजून निघतात.

याच भांडणाबद्दल एक जुना वाद आहे. पटकथेवर काम केलेल्या गोर विडालने पुढे सांगितलं, की हे दोघं पूर्वी प्रेमी होते असं धरून त्याने प्रसंग लिहिला, मेसाला झालेल्या स्टीफन बॉइडला ते सांगितलं आणि जूडा झालेल्या चार्ल्टन हेस्टनपासून लपवलं. हेस्टनने हे साफ नाकारलं. खरं काय ते असो, बॉइडच्या नजरेकडे लक्ष ठेवून बघा. नकार मिळाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते नुसतं राजकारणातल्या अपमानाने उमटत नाही. हेस्टन मात्र मला कायम थोडा पुतळ्यासारखा वाटत आलाय. ऑस्कर त्याला मिळालं, सिनेमा बॉइड खाऊन गेला, आणि त्याला साधं नामांकनही नाही.

मग नव्या सुभेदाराच्या मिरवणुकीवर छतावरचं एक सैल कौल पडतं, मेसाला ते निमित्त करून जूडाला गुलाम म्हणून जहाजावर पाठवतो आणि त्याच्या आईला-बहिणीला तुरुंगात टाकतो. जहाजावरच्या वल्ह्यांचा प्रसंग इतिहास म्हणून चुकीचा आहे, कारण रोमन आरमारात वल्ही मारणारे बहुतेक मोकळे, पगारी लोक असत. साखळदंडातले गुलाम ही भूमध्य समुद्रातली फार नंतरची पद्धत. पण सिनेमा म्हणून हे दृश्य अजून घाम फोडतं. एक माणूस हातोड्याने ताल देतोय, सेनापती फक्त वेग वाढवायचे हुकूम सोडतोय, आणि आपण माणसं एकेक करून कोसळताना बघतोय. पुढची समुद्रावरची लढाई मात्र आज हसू आणते. स्टुडिओतल्या टाकीत तरंगवलेली छोटी जहाजं आहेत ती, आणि ती तशीच दिसतात. गेल्या दिवाळीत भाच्याच्या लेकीला दाखवला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तर ती म्हणाली, "आजोबा, ही बादलीतली लढाई आहे." मी वाद घातला नाही.

तीच मुलगी शर्यतीला मात्र मांडी मोडून पुढे सरकून बसली, आणि पाच मिनिटांनी विचारती झाली, "हे घोडे खरे आहेत?" खरे आहेत. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत 18 एकरांचं रिंगण बांधलं होतं. ही शर्यत वायलरने घेतलेली नाही. अँड्र्यू मार्टन आणि जुना स्टंटबाज याकिमा कानट या दोघांचं ते काम. हेस्टन आणि बॉइड चार घोड्यांचा रथ स्वतः हाकायला शिकले होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी लगाम हातात असलेला चेहरा त्यांचाच आहे. मोडक्या रथांवरून जूडाचा रथ उडतो तिथे मात्र कानटचा मुलगा ज्यो होता. तो ठरल्यापेक्षा जास्त उसळला आणि रथाच्या पुढून खाली गेला. हनुवटी फुटण्यावर निभावलं. तो अपघात सिनेमात तसाच ठेवला आणि हेस्टन परत वर चढतो असा एक तुकडा त्याला जोडला. या शर्यतीत माणूस मेला अशी आवई अजून फिरते, ती खोटी आहे. 1925च्या मूकपटाच्या वेळी मात्र घोडे मोठ्या संख्येने मेले होते. गंमत म्हणजे त्या मूकपटाच्या शर्यतीवेळी तिथे राबणाऱ्या सहायकांत तरुण वायलर होता.

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच जाणवेल: जनावराच्या अंगाचं वजन. वळणावर रथ बाहेर फेकला जातो तेव्हा चाक खरंच जमीन सोडतं, धुरळा खरंच तोंडात जातो. आणि सुमारे नऊ मिनिटं संगीत नाही. मिक्लोश रोझाने या सिनेमासाठी अफाट लांबीचं पार्श्वसंगीत लिहिलं, शर्यतीआधीच्या संचलनाला कर्णे फुंकले, आणि इशारा होताच सगळं थांबवलं. पुढे फक्त टापा, चाकं आणि गर्दी. आजचा संगीतकार तिथे ढोल वाजवल्याशिवाय राहील का?

आता जे खरंच शिळं झालंय त्याबद्दल. अरब शेख म्हणून वेल्सचा ह्यू ग्रिफिथ चेहऱ्याला काळपट रंग फासून वावरतो, ढेकर देतो, डोळे फिरवतो, आणि त्यालाच सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. माणूस विनोदी आहे, घोड्यांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करतो, तरीही आज बघताना अवघडायला होतं. जूडावर प्रेम करणाऱ्या एस्थरला वाट बघण्यापलीकडे आणि शहाणपणाचं बोलण्यापलीकडे काम नाही. रोमन ब्रिटिश उच्चारात आणि ज्यू बहुतेक अमेरिकन उच्चारात बोलतात. ही वायलरची मुद्दाम केलेली योजना होती आणि मला ती आजही पटते, पण तरुण मुलांना ती खटकते.

महारोगाचा भाग मला सगळ्यात अवघड जातो. जूडाची आई आणि बहीण तुरुंगात महारोगी होतात आणि त्यांना गावाबाहेरच्या दरीत राहावं लागतं. ज्यांनी वरोऱ्याचं आनंदवन पाहिलंय, बाबा आमट्यांचं काम पाहिलंय, त्यांना त्या दरीचं भुताटकीसारखं चित्रण बोचणारच. हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे आज आपल्याला माहीत आहे, आणि शेवटी पावसासोबत चमत्काराने तो जातो तेव्हा भाच्याची लेक सरळ म्हणाली, "हे काही झालं नाही." मलाही तो शेवट कधी पचला नाही. पण त्याच भागात आई आणि बहीण रात्री घराच्या अंगणात येऊन एस्थरला सांगतात, की आमची ही अवस्था त्याला कळू देऊ नकोस. दोघी अंधारात उभ्या, चेहरे झाकलेले. मेकअप जुना झाला, धर्म जुना वाटला, तरी तिथे घसा दाटतो.

ल्यू वॉलेसच्या 1880च्या मूळ कादंबरीच्या नावातच ख्रिस्त आहे, त्यामुळे प्रवचन टळणार नव्हतं. वायलरने एक शहाणपणा केला: येशूचा चेहरा एकदाही दाखवला नाही. नाझरेथमध्ये तहानेने पडलेल्या जूडाला शिपाई पाणी देऊ देत नाही, आणि कुणीतरी येऊन त्याला पाजतो. शिपाई ओरडत पुढे येतो, त्या माणसाकडे बघतो, आणि काही न बोलता बाजूला होतो. आपल्याला दिसते फक्त पाठ आणि शिपायाचा गोंधळ. 2016च्या नव्या आवृत्तीत येशू समोर येऊन बोलतो आणि शेवटी मेसाला-जूडाचा समेटही होतो. तो सिनेमा दोन तासांत आटोपतो आणि मला मात्र तो जास्त लांब वाटला.

तेव्हा असं करा. शनिवारी संध्याकाळी लावा, मध्यंतर जिथे सिनेमाने ठेवलंय तिथेच घ्या. ते दोन तास उलटल्यावर येतं, जूडाला आई-बहीण मेल्याचं खोटं सांगितलं जातं त्यानंतर. जेवण तेव्हा करा. शर्यत मध्यंतरानंतर थोड्याच वेळात आहे, आणि तिच्यानंतरही पाऊण तास बाकी असतो, हे मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती चप्पल घालायला लागेल. शर्यतीचा तुकडा आधी यूट्यूबवर दाखवायचा मोह टाळा. मेसालावर राग नसेल तर ती नुसती धावपळ आहे.

आणि ती नक्की कुठल्या प्रसंगाला उठली ते कळवा. कौल पडायच्या आधी उठली असेल तर पुन्हा बसवून बघा. वल्ह्यांचा प्रसंग बघूनही उठली असेल, तर सोडून द्या. तिला तो आवडणार नाही.