अभ्यासिकेत नॅलोक्झोन ठेवायचं का? माझा अनुभव सांगते

तुम्ही विचारलंय की तुमची भाची अमेरिकेत इलिनॉयमध्ये ज्या लायब्ररीत काम करते तिथे नॅलोक्झोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, ठेवणं आता सक्तीचं झालंय, मग पुण्यातल्या शाळांना आणि अभ्यासिकांना तसा नियम का नको. मी पुण्यातच कॅज्युअल्टीत बावीस वर्षं सिस्टर होते, त्यामुळे जरा लांबच लिहिते.

तिकडे तो नियम हवाच होता. 2021 ते 2023, तिन्ही वर्षं अमेरिकेत ओव्हरडोसने वर्षाला एक लाखाच्या वर माणसं गेली, बहुतेक फेंटानिलने, म्हणजे हेरॉइनसारखाच असर करणाऱ्या कारखान्यात बनवलेल्या औषधाने. हेरॉइनच्या साधारण 50 पट कडक, आणि ते नकली गोळीत मिसळलेलं, घेणाऱ्या पोराला पत्ताच नसतो. 2022 मध्ये लॉस एंजेलिसला पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या बाथरूममध्येच गेली, मग तिथल्या सरकारी शाळांत हे औषध आलं. इलिनॉयने शाळांना 2024 पासून बंधनकारक केलं, लायब्रऱ्यांना 2026 पासून. आणि तिथे नाकात मारायचा स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, कुणीही मारू शकतं.

औषध किती गुणाचं आहे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका रात्री तीन पोरं चौथ्याला रिक्षातून घेऊन आली, म्हणाली सिस्टर हा झोपलाय, उठतच नाहीये. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशातून घरघर, आणि दोन श्वासांच्या मध्ये एवढा वेळ की मीच श्वास धरून उभी. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढला होता. अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देत राहिलो, नॅलोक्झोन दिलं, दोन-तीन मिनिटांत पोरगा थरथरत उठून बसला आणि घरी जातो म्हणून आमच्यावरच चिडला. जाऊ दिलं नाही ते बरं झालं, कारण तासाभरात परत मान टाकायला लागला. गर्द मेंदूत जिथे चिकटतो तिथून हे औषध त्याला ढकलून काढतं, पण याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गर्द अजून अंगात असतो. म्हणून शुद्धीवर आला तरी हॉस्पिटल टळत नाही. आणि ती पोरं पोलिसांच्या भीतीने आधी तासभर खोलीवरच बसून होती, तो तास मला अजून आठवतो.

आता पुणं. इथे पोरांच्या हाती लागतंय ते जास्त करून एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही उत्तेजक पावडर, फेब्रुवारी 2024 ला कुरकुंभच्या कारखान्यात शेकडो किलो सापडलं ते तेच. त्यावर नॅलोक्झोन चालत नाही. जिमवाली मुलं टोचून घेतात त्या मेफेंटरमिन या उत्तेजक इंजेक्शनवर नाही, झोपेच्या बटन गोळ्यांवर नाही, दारूवर नाही. चालतं ते फक्त ओपिऑइडवर, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेवर: गर्द, ट्रामाडॉल-टॅपेन्टाडॉलसारख्या वेदनेच्या गोळ्या, कोडीनवालं खोकल्याचं औषध, आणि तेही आपल्याकडे कमी नाही, एम्सच्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात ओपिऑइड घेणारे 2 कोटींच्या वर निघाले. चुकून दुसऱ्याच नशेवर दिलं तर अपाय नाही, पण औषध दिलंय म्हणून सगळे निर्धास्त बसले तर मात्र जीव जातो. शिवाय आपल्या दवाखान्यांत ते मुख्यतः अँप्युलमध्ये असतं, म्हणजे अभ्यासिकेतल्या काकांनी अँप्युल फोडून, सिरिंजमध्ये ओढून, मांडीत टोचायचं. शिकवल्याशिवाय कोण करणार हो? नियम करून पेटी कुलपात जाईल आणि किल्ली रजेवर.

म्हणून मला पुण्यात पेटीची सक्ती आधी नको, श्वास ओळखणारा माणूस आधी हवा. एमपीएससीच्या अभ्यासिकेत डोकं टेकून झोपलेली दहा मुलं रोज दिसतात, त्यातला एक झोपलेला नसेल तर कळायला हवं. खांद्याला हलवा, नावाने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मूठ जोरात घासा. नाही उठला आणि श्वास मिनिटाला आठ-दहाच्याही खाली किंवा घरघरीचा असेल तर 108 लावा, हनुवटी वर करून तोंडाने श्वास द्या, पाच-सहा सेकंदाला एक. श्वासच नसेल, अंग निपचित असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा. आणि काय घेतलंय ते मित्रांना न रागावता विचारा, रागावलात तर खरं सांगणार नाहीत. हे येणारी दोन माणसं प्रत्येक पाळीला असली की मग स्प्रे मागा, मी पण तुमच्याबरोबर अर्जावर सही करेन.

तुमची अभ्यासिका पेठेतलीच असेल तर एखाद्या रविवारी सकाळी मी येते, दोन सतरंज्या आणि एक उशी तेवढी ठेवा, मुलांना करून दाखवते.