लेन्स डोळ्यात सरकते तेव्हा

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्यालयात दिवसभर संगणकावर काम करते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाच असून उजव्या डोळ्याला सिलिंडरही (एका ठरावीक दिशेतच लागणारा तिरका नंबर) आहे. चष्म्याचाच नंबर कळवून मी महिनाभर वापरायच्या लेन्स घरपोच मागवल्या. दुपारनंतर उजवी लेन्स खुपते, मध्येच अंधूक दिसते आणि परवा स्कूटरवरून येताना तर ती दिसेनाशीच झाली. लेन्स डोळ्याच्या मागे जाते, असे मामी म्हणतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मामींची भीती अनाठायी आहे. पापणीच्या आतले पातळ अस्तर वर आणि खाली दुमडून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येते, त्यामुळे मागे जायला वाटच नसते. लेन्स बहुधा वरच्या पापणीखाली घडी होऊन अडकते, किंवा आपल्या नकळत पडून गेलेली असते. अशा वेळी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, लेन्सवर चालणाऱ्या वंगण थेंबांचे दोन-तीन थेंब घालावेत आणि खाली पाहत मिटलेल्या पापणीवरून बोट अलगद खालच्या दिशेने फिरवावे. नखाने शोधू नये. मिरची किंवा कांदा-लसूण मसाला हाताळल्यावर तर लेन्सला हात लावूच नये, कारण एकदा साबण लावूनही तिखट बोटांवर राहते. सकाळी आधी लेन्स घालावी आणि मग स्वयंपाक, संध्याकाळीही आधी लेन्स काढावी आणि मगच स्वयंपाक, असा क्रम ठेवावा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मऊ लेन्सचा व्यास साधारण १४ मिलिमीटर, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा सुमारे १२ मिलिमीटर असतो. पापणी मिटताना लेन्स किंचित हलते आणि ती हललीच पाहिजे, कारण त्यामुळे तिच्याखाली ताजे अश्रू पोचतात. मुळीच न हलणारी घट्ट लेन्स अधिक घातक असते. सिलिंडरची लेन्स मात्र ठरावीक दिशेतच बसावी लागते. ती थोडी फिरली की अंधूक दिसते आणि पापण्या मिटल्यावर पुन्हा स्पष्ट होते. तुमचे वर्णन याच्याशी जुळते. त्यातही चष्म्याचा उणे पाच नंबर लेन्समध्ये साधारण उणे पावणेपाच होतो, आणि लेन्सची वक्रता तर चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलीच नसते. डोळ्यावर बसवून न पाहता लेन्स मागवण्याची ही पद्धत मला मुळीच पसंत नाही, मग ती कितीही स्वस्त पडो.

दुपारनंतरच त्रास का वाढतो, याचे उत्तर संगणकात आहे. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, अनेकदा अर्ध्याच मिटतो. लेन्स कोरडी पडते आणि मग पापणी तिच्यावरून सहज न सरकता तिला ओढू लागते. त्यावर महामार्गावरचा वारा, आणि गळीत हंगामात उडणारी काजळी. हेल्मेटची काच खाली ठेवावी. सकाळी घालताक्षणीच लेन्स खुपत असेल, तर ती उलटी आहे का ते बोटाच्या टोकावर धरून पाहावे : सुलट लेन्सची कड वाटीसारखी सरळ वर येते, उलटीची बशीसारखी बाहेर पसरते.

खुपणारी लेन्स नळाच्या पाण्याने धुऊन पुन्हा घालणे ही सर्रास दिसणारी सवय आहे आणि ती धोक्याची आहे. पाण्यातील अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सबरोबर डोळ्यात जाऊन बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला असा संसर्ग करू शकतो की उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून पंचगंगेत पोहतानाही लेन्स नको. डबीतले जुने द्रावण रोज पूर्ण टाकून नवे घ्यावे, त्यातच भर घालू नये. महिन्याची लेन्स पाकीट फोडल्यापासून महिनाभरच चालते, मधले काही दिवस घातली नसली तरीही.

लेन्स काढल्यावर खुपणे थांबले, तर घाबरू नये. काढूनही दुखत असेल, डोळा लाल राहिला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि लेन्स डबीसह सोबत न्यावी. औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नयेत.

तुमच्यापुरते सांगायचे तर उजव्या डोळ्याची लेन्स नव्याने बसवून घ्या, तोवर चष्मा वापरा. नवी चाचणी लेन्स मिळाली की पुढच्या तपासणीला ती चार-पाच तास घातल्यानंतर, दुपारी जा. सकाळच्या ताज्या डोळ्यात हा दोष दिसणार नाही.