मुंबईत घडणारा, विज्ञानाच्या कोड्यांचा विनोदी पॉइंट-अँड-क्लिक गेम (पडद्यावरच्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायची, तसला) बनवतोयस ना, तोही पहिलाच?

कल्पना झकास आहे, पण आधी आवर घाल. अख्खी मुंबई नको. परळच्या चाळीतली एक खोली, जिना आणि गल्ली, एवढं पुरे. असे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’, फुकट मिळतं, ते घे. चित्रं ३२० बाय २०० पिक्सेलमध्येच काढ. जुना बाज आपोआप येतो, वर हात कच्चा असला तरी खपून जातं.

खरी मेख कोड्यांत. विज्ञानाचा नियम वापरूनच कोडं सुटायला हवं, प्रश्नमंजुषा नको. कुल्फीवाल्याचंच बघ. नुसत्या बर्फाने कुल्फी धरत नाही. बर्फात जाडं मीठ घातलं की बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. आता ते मीठ शेजारच्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीमागे ठेव, आणि काकूंना तिथून हलवायचं कसं ते खेळणाऱ्याला शोधू दे. कोडी सुचेनात तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात चक्कर मार, तयार माल आहे.

विनोद मात्र चुकीच्या क्लिकमध्ये भर. मीठ पंख्याला लावलं तर ‘हे जमणार नाही’ असलं छापील उत्तर नको, काकूंनी सुनवायलाच हवं. लिहिण्याचं सगळ्यात जास्त काम इथेच आहे, कंटाळू नकोस.

झालं की बिल्डिंगमधल्या पोरांना खेळायला दे. मागे उभा राहा आणि तोंड बंद ठेव.