पीएचपी ८ मधले जेआयटी सुरू केल्याने अडत दुकानाची वेबसाइट वेगवान होईल का?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्याचे भाव आणि शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या दाखवणारे आपले पान उघडायला वेळ लागतो, तेव्हा पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेतील जेआयटी (जस्ट-इन-टाइम, म्हणजे ऐनवेळी रूपांतर करणारी सोय) सुरू करावे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते आधी डेटाबेस, म्हणजे नोंदींचा साठा, तपासावा.

पीएचपीचा प्रोग्राम प्रथम बाइटकोडमध्ये, म्हणजे मधल्या टप्प्याच्या सूचनांमध्ये, रूपांतरित होतो आणि पीएचपीचे व्हर्च्युअल मशीन (त्या सूचना चालवणारा प्रोग्राम) त्यातील एकेक सूचना अमलात आणते. ऑपकॅश ही पीएचपीतील सोय हा बाइटकोड मेमरीत जपून ठेवते, त्यामुळे दरवेळी तेच रूपांतर पुन्हा करावे लागत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी ८.० सोबत आलेले जेआयटी त्याही पुढे जाऊन, प्रोग्राम चालू असतानाच वारंवार फिरणारा भाग हेरते आणि त्याचे थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करते. चित्रांवरील प्रक्रिया किंवा लाखो फेऱ्यांची आकडेमोड असेल तर फरक स्पष्ट जाणवतो. पट्टीतील वजन, दर, हमाली आणि तोलाई यांचा हिशोब मात्र तसाही क्षणार्धात उरकतो, आणि उरलेला बहुतेक वेळ मायएसक्यूएल या डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, जिथे जेआयटीची मात्रा चालत नाही. सौद्याच्या तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसेल, तर एका दिवसाच्या भावासाठी साऱ्या नोंदी चाळल्या जातात; खरा खोळंबा बहुधा तिथेच असावा.

तरीही प्रयोग करायचाच असेल, तर ८.० ते ८.३ या आवृत्त्यांत जेआयटीच्या बफरचा, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेल्या मेमरीचा, आकार मुळात शून्य असतो, आणि तो वाढवल्याशिवाय जेआयटी सुरूच होत नाही.