गाव सुटलं की लेखन सुटतं का?

नोकरीसाठी रत्नागिरी सोडून पुण्याला चाललात आणि कोकण सुटलं की लिहिणंही आटेल, अशी धास्ती तुम्हाला वाटतेय. माड, समुद्र, पाऊस एवढ्याचीच काळजी असेल तर सोडून द्या. ते कुठेही बसून लिहिता येतं, लोक लिहितातच.

मी कुडाळजवळ राहतो, जमेल तशा कथा लिहितो. माझ्या मते घराचा परिणाम होतो तो देखाव्यामुळे कमी, हाताशी काय आहे आणि काय नाही यामुळे जास्त.

आमचं दशावतारी नाटक घ्या. भात घरात आलं, कार्तिकात जत्रा लागल्या की कंपन्या बाहेर पडतात. पावसाळ्यात पूर्वापार सुट्टी, कारण नटच शेतात. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन या गावातून त्या गावात चालत जायचं, मग पडदे आणि देखावे नेणार कोण? देवळापुढे एक बाकडं, तेच सिंहासन आणि वेळ पडली तर तोच डोंगर. सगळा भार आला बोलण्यावर. लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, संवाद उभ्या उभ्या जुळवायचे. आत स्त्रीपार्टीचं, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या नटाचं, लुगडं नेसून झालेलं नसेल तर बाहेरचा राजा प्रधानाला उगाचच राज्याची हालहवाल विचारत बसतो. पेटीवाला ते बरोबर ओळखतो आणि एखादं पद काढतो. समोर बसलेल्या म्हातारीलाही कळतं की राजा वेळ काढतोय, आणि तिला त्यातच जास्त मजा येते.

हे लहानपणापासून पाहिल्यामुळे माझी पात्रं बोलतच सुटतात, घर कसं दिसतं ते सांगायचं राहून जातं. एका संपादकांना हा दोष वाटला. मला नाही वाटत.

ही सवय गाव सोडल्याने जात नाही. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे 1913 साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मले, नोकरी केली मुंबईत, बेस्टमध्ये, आणि लिहिलं मात्र दापोलीच्या आसपासचं. उलट आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खाणावळ चालवता चालवताच कविता लिहीत होते, मुंबई नंतरची. म्हणजे दोन्ही चालतं. (गावात राहून काहीच न लिहिणारेही पुष्कळ आहेत, तो भाग वेगळा.)

पुण्यात झिजेल ते कान. वर्षभरात तुमचं बोलणं गुळगुळीत होईल, पात्रंही तशीच बोलू लागतील. घरी संगमेश्वरी बोली बोलत असाल तर आईला फोन करताना तीच बोला, खोलीतले मित्र हसले तरी. आणि रजा टाकायचीच असेल तर सगळी गणपतीत संपवू नका, दोन दिवस शिमग्याला ठेवा. ग्रामदेवतेची पालखी घरी येते तेव्हा अख्खी वाडी एकाच वेळी बोलत असते.